वाचकांचे प्रश्न : गप्प बसणे आणि शांती करणे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच गाठ निरनिराळ्या रूपांत दिसली, म्हणून या वेळी त्यांतली पाच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे लांब होती. आशय तेवढा ठेवून मजकूर आटोपशीर केला आहे आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून गावांची नावे गाळून शहर किंवा जिल्हा तेवढा ठेवला आहे. उत्तरे माझी एकट्याची आहेत, ती मंडळीची (चर्चची) अधिकृत भूमिका म्हणून कोणी वाचू नयेत.

प्रश्न : पाळकसाहेबांना सप्रेम सलाम. मी जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि शेजारच्या गावातील शाळेत शिकवते. आमच्या गावात ख्रिस्ती घरे बारा-तेरा. आरक्षणाचा प्रश्न पेटल्यापासून गावात दोन तट पडले आहेत. एका बाजूचे लोक दुसऱ्या बाजूच्या दुकानातून किराणा घेत नाहीत, लग्नपत्रिका देत नाहीत. शाळेतली मुलेसुद्धा डबा खाताना आडनाव पाहून बसू लागली आहेत. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आपण शांतीची लेकरे, आपण यात पडू नये.’ परंतु मध्यंतरी आमच्या शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर बहिष्कार पडला, तेव्हा आम्हीही गुपचूप आमचे दळण दुसऱ्या गावी नेले. त्याची मला लाज वाटते. शांतीची लेकरे म्हणजे गप्प बसणारी लेकरे काय? आणि लूक १२:५१ मध्ये प्रभू स्वतःच म्हणतो की मी शांती नव्हे तर फूट पाडण्यास आलो आहे, त्याचा अर्थ कसा लावायचा?

उत्तर : ताई, सलाम. मी तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते वचन आपल्या मंडळ्यांत संदेशासाठी फारसे कोणी घेत नाही. नाताळच्या रात्री देवदूतांनी गायिलेली पृथ्वीवरील शांती लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि ती आपल्या मुलांना नाटुकल्यांमुळे तोंडपाठ असते. त्याच लूकने दहा अध्याय पुढे लिहिलेली फूट मात्र आपण घाईने वाचून जातो. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात याच ठिकाणी तलवारीचा उल्लेख आहे, आणि लगेच मुलगा बापाविरुद्ध व सून सासूविरुद्ध उभी राहील, माणसाचे वैरी त्याच्याच घरचे होतील, असे मीखा संदेष्ट्याचे जुने बोल येतात. माझ्या वाचनाप्रमाणे प्रभू इथे आपला हेतू सांगत नसून परिणाम सांगत आहे. घरातला एक जण खरे ते धरून बसला की घर दुभंगते; दुभंगावे अशी त्याची इच्छा नसते, परंतु ते टळावे म्हणून खरे सोडून द्यायलाही तो तयार नसतो.

याला तुमच्याच जिल्ह्याशी जोडलेला दाखला आहे. जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर ब्राह्मणाचे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि कोर्टाने त्या मुलाला वडिलांच्या हवाली केले. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मण समाजातच दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे म्हणणाऱ्यांचे पुढारी होते आणि सनातनी मंडळी त्यांच्यावर तुटून पडली. एका माणसाच्या निर्णयाने एक घर, मग एक जात, मग एक शहर दुभंगले. त्याच माणसाने पुढे निजामाच्या मुलखात, ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले होते त्या मांग व महार कुटुंबांना जमीन, विहीर, शाळा आणि देऊळ (चर्च) असलेले गाव उभे करून दिले. आधीची फूट बाजूला काढून नंतरची वस्ती तेवढी ठेवू म्हटले, तर तसे करता येत नाही.

एवढे म्हटल्यावर लगेच सावध व्हायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक भांडखोर माणूस हेच वचन पुढे करतो. सगळ्या फुटी एका जातीच्या नसतात. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गिलादी आणि एफ्राइमी या एकाच इस्राएलातल्या दोन गटांचे युद्ध आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी पहारेकरी उभे राहत आणि पलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ असे म्हणायला लावत. एफ्राइमी माणसाला तो ‘श’ उच्चारता येत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे आणि तिथेच मारला जाई. बेचाळीस हजार माणसे मेली असे शास्त्र सांगते. एका अक्षराने माणूस ओळखायचा आणि त्यावरून त्याचा निवाडा करायचा. तुमच्या शाळेतल्या व्हरांड्यात डब्याच्या वेळी जे विचारले जाते, ‘आडनाव काय?’, तो आपला शिब्बोलेथ आहे. या फुटीत कोणी सत्य धरून बसलेला नाही. इथे फक्त उच्चार तपासला जात आहे.

आता तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या वाक्याकडे येतो. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. बारा-तेरा घरांच्या वस्तीला भीती असते आणि ती खोटी नसते. तथापि मत्तय ५:९ मध्ये धन्य म्हटले आहे ते शांती करणाऱ्यांना. शांत राहणाऱ्यांचा तिथे उल्लेख नाही. करणे हे क्रियापद आहे, त्याला हात लागतात. यिर्मया आपल्या काळच्या याजकांवर जो आरोप करतो तो असा, की लोकांची जखम वरवर पुसून ते ‘शांती, शांती’ म्हणतात आणि शांती तर कुठेच नसते. ज्या गावात दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून आवाज होत नाही, तिथली स्तब्धता यिर्मयाने शांती मानली नसती.

१९६३ सालच्या पुनरुत्थान सणाचा आठवडा या संदर्भात मला नेहमी आठवतो. त्या वर्षी ११ एप्रिलला, पवित्र गुरुवारी, पोप तेविसावे जॉन यांनी जगातील शांतीविषयी आपले परिपत्रक प्रसिद्ध केले आणि सत्य, न्याय, प्रेम व स्वातंत्र्य यांवाचून शांती उभी राहत नाही असे त्यात सांगितले. दुसऱ्याच दिवशी, उत्तम शुक्रवारी, अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रावर १६ एप्रिल ही तारीख आहे, आणि ते पत्र होते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून. हे आठ जण काही दुष्ट नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले होते की ही निदर्शने शहाणपणाची नाहीत आणि त्यांची वेळ योग्य नाही. शहाणपण आणि शांती ही दोन्ही नावे घेऊन त्यांनी अन्याय सोसणाऱ्यालाच थांबायला सांगितले होते. किंग यांनी उत्तर दिले की ताण नसणे ही एक शांती असते आणि न्याय असणे ही दुसरी. (मधला १४ एप्रिल हा त्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार होता, आपल्या मराठवाड्यात त्या तारखेचे वेगळे सांगायला नको.)

वेळ योग्य नाही, हे वाक्य आपल्या प्रदेशानेही पुष्कळ ऐकले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, त्यानंतर खेडोपाडी दलितांची घरे जळाली, आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत शांततेच्या नावाने थांबा म्हणणारे भले लोक थोडे नव्हते आणि त्यांत आपल्या मंडळ्यांतलेही होते. मी तेव्हा तरुण होतो. मीही त्यांच्यात होतो.

आरक्षणाच्या मूळ प्रश्नावर तुम्ही कोणती बाजू घ्यावी, हे मी सांगणार नाही. दोन्ही बाजूंना दुष्काळाने आणि कर्जाने पिचलेली घरे आहेत, आणि प्रामाणिक माणसे या प्रश्नावर निरनिराळ्या निष्कर्षांना येऊ शकतात. ‘आपला यात संबंध नाही’ हे मात्र खरे नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात पुढे शीख आणि बौद्ध समाविष्ट झाले, ख्रिस्ती झालेले दलित अजूनही बाहेर आहेत. तेव्हा आरक्षणातून वगळले जाणे म्हणजे काय, हे तुमच्या वडीलधाऱ्यांना गावातल्या कोणाहूनही अधिक ठाऊक असणार. गाऱ्हाणे काय असते हे माहीत असलेला माणूस दोन्हीकडच्या ओट्यावर बसून ऐकू शकतो, आणि याकोब आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास सावकाश असावे असे जे म्हणतो, ते अशाच ओट्यासाठी आहे.

गिरणीचे मात्र वेगळे आहे. आरक्षणावर मत असू शकते, शेजाऱ्याचा घास बंद करण्यावर दोन मते असू शकत नाहीत. दळण पुन्हा त्याच गिरणीवर न्या. दिवसाढवळ्या न्या, घोषणा न करता न्या, आणि दोन-तीन घरांनी मिळून न्या, म्हणजे एका बाईवर सारा रोख येणार नाही. बहिष्कार घालणाऱ्यांपैकी ज्या घराशी तुमचे येणे-जाणे आहे, त्यांना आधी जाऊन सांगा की आम्ही पूर्वीसारखे तिथेच दळणार आहोत आणि पूर्वीसारखेच तुमच्या दुकानातून साखर घेणार आहोत. लपून केलेली गोष्ट उघडी पडली की ती कट वाटते. प्रभूने सर्पाचे चातुर्य आणि कबुतराचा निरुपद्रवीपणा एकाच वाक्यात सांगितला, तो या अर्थाने मला नेहमी उपयोगी वाटत आला आहे. धमकी आली किंवा हात उचलला गेला, तर ती पोलिसांत सांगण्याची बाब आहे. तिथे सोसून घेण्याचा उपदेश मी करणार नाही. शाळेत तुम्ही स्वतःच अधिकारी आहात. हजेरी घेताना आडनावे सोडून नुसती नावे घ्या आणि डब्याच्या वेळी मुलांना जन्ममहिन्याप्रमाणे बसवा. मुले आठ दिवस कुरकुर करतील आणि मग भाजीची देवघेव सुरू होईल.

प्रश्न : आमच्या मंडळीत दोन गट पडून सहा वर्षे झाली. दोन कमिट्या आहेत, रविवारी दोन वेळा उपासना होतात आणि चर्चच्या दाराला दोन कुलुपे आहेत. भांडण मुळात जागेच्या भाड्यावरून होते, आता ते पाळकांच्या नेमणुकीपर्यंत आले आहे. आम्ही काही तरुण कुटुंबे कंटाळून वेगळी प्रार्थनासभा सुरू करण्याच्या विचारात आहोत. हे पाप होईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन कुलुपांचे वाचून मला हसू आले आणि नंतर बराच वेळ वाईट वाटत राहिले. आपल्या पाच-सहा प्रोटेस्टंट मंडळ्यांनी वर्षानुवर्षे वाटाघाटी करून २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारताची एक मंडळी स्थापन केली. बाप्तिस्मा बालकांचा की प्रौढांचा, बिशप असावा की नसावा, असले शतकांचे वाद त्या लोकांनी मार्गी लावले. आणि आपण भाड्याच्या पावतीपुस्तकावर अडतो! करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे गट होते, तेव्हा निदान त्यांचे भांडण उपदेशकांवरून होते.

स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे. वीसेक वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो. खजिनदाराच्या हिशेबात मला तफावत दिसली. मी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला, तीन पानांचा, कलमांसकट. अर्ज कायदेशीर होता आणि तफावतही खरी होती. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेली पहिली पायरी, म्हणजे तू आणि तो दोघेच असताना त्याला त्याचा अपराध दाखव, ती मात्र मी गाळली होती. दुसरी पायरीही गाळली, दोघा-तिघांना बरोबर नेण्याची. पुष्कळ पुढे कळले की त्या गृहस्थांनी बायकोच्या दवाखान्यासाठी रक्कम उचलली होती आणि दोन पीक हंगामांत ती परत भरण्याचा त्यांचा विचार होता. ते योग्य होते असे मी आजही म्हणत नाही. मी त्यांच्या घरी गेलो असतो तर मंडळीचे पैसे परत आले असते आणि माणूसही राहिला असता. अर्ज केल्याने पैसे आले आणि तीन कुटुंबे गेली.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देता येणार नाही. पौल आणि बर्णबा यांच्यात योहान मार्काला बरोबर न्यावे की नाही यावरून इतकी तीव्र तेढ आली की ते एकमेकांपासून वेगळे झाले, असे लूकनेच लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात स्वच्छ आहे. लूकने ते झाकले नाही आणि कोणाला दोषीही ठरवले नाही. मात्र वर्षांनंतर तीमथ्याला लिहिताना तोच पौल मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे, असे सांगतो. वेगळे व्हायचेच असेल, तर अशा रीतीने व्हा की पुढे कधी असे पत्र लिहिण्याची वाट मोकळी राहील. म्हणजे जाताना जुन्या मंडळीविरुद्ध पत्रक काढू नका, मालमत्तेवर हक्क सांगू नका, आणि दोन्ही कमिट्यांना स्वतः भेटून सांगून जा.

परंतु त्याआधी एक करून पाहावे असे मला वाटते. शलमोनापुढे दोन स्त्रिया एक मूल घेऊन आल्या आणि त्याने तलवार मागवली, हे आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. तलवार चालवावी लागली नाही, हेच त्या निवाड्यातले शहाणपण. मूल कापले तरी चालेल पण तिला मिळू नये, असे एक म्हणाली. मूल तिला द्या पण ते जगू दे, असे दुसरी म्हणाली, आणि खरी आई कोण हे कळले. तुम्ही तरुण कुटुंबे दोन्ही गटांपुढे जाऊन एकच मागणी ठेवा, की वाद मिटेपर्यंत भाड्याचा पैसा दोघांपैकी कोणीही न घेता बँकेत पडून राहावा आणि रविवारची उपासना एकच व्हावी, एका आठवड्याला एका गटाने चालवावी. जो गट आधी आपले कुलूप काढील, त्याच्याबरोबर प्रभुभोजनाला बसा. दोन्ही गटांनी नकार दिला, तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर आमच्या कुटुंबाच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपमध्ये रोज धर्मावरून, जातीवरून काहीतरी विषारी येते. उत्तर दिले तर भांडण होते, न दिले तर मूकसंमती वाटते. ग्रुप सोडावा का? (परभणी)

उत्तर : नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे वचन सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील, आणि पाचवे सांगते की त्याला उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. संकलन करणाऱ्याच्या नजरेतून ही विसंगती सुटली असेल असे मला वाटत नाही. दोन्ही ओळी लागोपाठ ठेवून त्याने निवड आपल्यावर टाकली आहे, कारण कोणत्या वेळी कोणती लागू, हे समोरचा माणूस आणि प्रसंग पाहूनच ठरते.

माझा स्वतःचा नियम असा आहे. मजकूर खोटा असेल आणि कोणाच्या जिवावर बेतू शकेल असा असेल, उदाहरणार्थ अमुक वस्तीत अमुक जमाव निघाला आहे अशी अफवा, तर तिथेच, सर्वांसमोर, एका वाक्यात हे खोटे आहे असे लिहावे आणि पुढच्या दहा उत्तरांना उत्तर देऊ नये. नुसता टोमणा असेल, तर त्या माणसाला फोन करावा. फोनवर माणूस निम्मा मऊ होतो. त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे की सरपण संपले की आग विझते आणि चहाडखोर नसला की तंटा मिटतो. तेव्हा निदान आपल्या हातून काही पुढे पाठवले जाऊ नये. ग्रुप सोडण्यात काही पाप नाही, पण तुम्ही गेल्यावर तिथे ‘हे खोटे आहे’ म्हणणारे कोण उरते, ते एकदा मोजून पाहा.

प्रश्न : याकोबाच्या पत्रात ‘वरून येणारे ज्ञान’ असे म्हटले आहे. आमच्या अभ्यासगटात प्रश्न निघाला की ज्ञान आणि शहाणपण यांत फरक काय? (नांदेड)

उत्तर : मूळ ग्रीकमध्ये तिथे सोफिया हा शब्द आहे आणि माझ्या मते ‘शहाणपण’ हा मराठी शब्द त्याला अधिक जवळचा आहे. ज्ञान पुस्तकात राहू शकते, शहाणपण माणसाच्या वागण्यातच दिसते. याकोब त्याची लक्षणे देतो तीही सगळी वागण्याची आहेत : शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजावल्यावर समजणारे, दयेने भरलेले, पक्षपात न करणारे, ढोंग नसलेले. ‘समजावल्यावर समजणारे’ यावर तुमच्या गटाने एक संपूर्ण बैठक घालवावी. आपण समजावतो पुष्कळ. आणि क्रम पाहा, शुद्ध आधी आहे, शांतिप्रिय नंतर.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. वडील जाऊन वीस वर्षे झाली. तोंडी वाटणीत जो गट मी कसतो तो सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावे लागला आणि तो कसतो तो माझ्या नावे. तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. आता माझ्या ताब्यातल्या गटाच्या कडेने डांबरी रस्ता झाला आहे आणि थोरला म्हणतो की कागदाप्रमाणे करू. मी त्या शेतात विहीर खणली आहे. आई माझ्याजवळ असते, ती म्हणते सोडून दे. मंडळीतले वडील (चर्चचे पुढारी) म्हणतात, ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये. बहीण पुण्याला असते, दिवाळीला येते. (लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुमच्यासारखी पत्रे इतकी येतात की मराठवाड्यात पाळकाला पवित्र शास्त्राइतकाच सातबारा वाचता यायला हवा, असे मी नव्या पाळकांना सांगत असतो.

उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांचा चाऱ्यावरून तंटा झाला, तेव्हा अब्राम म्हणाला की आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटाने नजर टाकली आणि पाण्याखालचा, बागेसारखा यार्देनेचा प्रदेश उचलला. आपल्या भाषेत भाऊबंद या शब्दाला ‘की’ जोडले की काय होते, ते तुम्ही भोगता आहात. पण या कथेत मान सोडणारा वडीलधारा होता, हे तुमच्या मंडळीतले वडील विसरतात. अब्रामाने स्वतःचा हक्क सोडला. त्याने धाकट्याला तुझा सोड असे सांगितले नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात शेजाऱ्याच्या शेताची मेर सरकवणाऱ्याला शापित म्हटले आहे, तेही त्याच शास्त्रात आहे. आईने सोडून दे म्हणणे समजू शकते. ती दोघांची आई आहे.

कोर्टाविषयी पौल करिंथकरांना जे लिहितो, त्यात तो एक प्रश्नही विचारतो : तुमच्यात भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस नाही काय? कोर्टात जाऊ नका म्हणणाऱ्या वडिलांनी तो शहाणा माणूस होण्याची तयारी ठेवली पाहिजे. नुसती मनाई करून त्यांची सुटका होत नाही.

आता व्यवहाराचे. तुमचा आणि भावाचा ताबा उलटसुलट आहे आणि तो बारा वर्षांहून जुना आहे. नेमक्या अशा प्रकरणांसाठी राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. दोघांची संमती असेल तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून ज्याच्या ताब्यात जी जमीन आहे ती त्याच्या नावे करता येते. योजनेची मुदत किती वाढली आहे, ते तलाठ्याकडे विचारून घ्या. संमती मात्र कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. थोरल्याचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही, कारण रस्त्याने एका तुकड्याची किंमत वाढली आणि दुसऱ्याची वाढली नाही. वाटणी झाली तेव्हा दोन्ही सारखे होते. त्याला वाढीतला काही हिस्सा, रस्त्याकडेची काही गुंठे जागा म्हणा किंवा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या म्हणा, तुम्ही आपणहून पुढे केलात तर बोलणे सुरू होईल. तो मागेपर्यंत थांबू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, ती मी काढतो. तुमच्या पत्रात बहीण फक्त दिवाळीला येते. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर एक तृतीयांश आईचा आणि उरलेले तुम्हा तिघांचे सारखे; मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतले होते का, घेतले असेल तर तिला विचारून घेतले होते की साडीचोळी देऊन, हे तुम्ही दोघा भावांनीच एकमेकांना सांगावे. दोन भावांचा सलोखा बहिणीच्या वाट्यावर उभा राहिला, तर यिर्मयाच्या वरवर पुसलेल्या जखमेसारखाच तो होईल.

अब्राम आणि लोट वेगळे झाल्यावर पुढच्याच अध्यायात लोट लढाईत कैद झाल्याची बातमी येते. चांगली जमीन कोणी घेतली होती, हे अब्राम तेव्हा काढत नाही. घरातली ३१८ माणसे घेऊन तो रातोरात निघतो. बहिणीला दिवाळीची सुट्टी सोयीची आहे, तर बैठक भाऊबीजेनंतरच्या दिवशी आईच्या समोर ठेवा, मंडळीतल्या त्या वडिलांनाही बोलवा, आणि मोजणीचा अर्ज त्याआधीच भूमी अभिलेख कार्यालयात देऊन ठेवा, म्हणजे त्या दिवशी नकाशा हातात असेल.